शोध एका इटालियन हॉटेलाचा



स्टेट कॉलेजात नव्याने राहायला आलेले मराठी कुटुंब पहिल्या काही महिन्यांत हमखास दोन प्रश्न विचारते. पहिला, तुरीची डाळ आणि हिंग कुठे मिळतो? दुसरा, आई-बाबा उन्हाळ्यात यायचे आहेत, त्यांना बाहेर जेवायला कुठे न्यायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकाने उघडतील-मिटतील तसे बदलत गेले. दुसऱ्याचे उत्तर मात्र आम्ही आलो तेव्हापासून तेच आहे : "एखादं बरं इटालियन बघा." आम्ही नवखे होतो तेव्हा आम्हाला हेच सांगण्यात आले, आणि पुढे नव्या मंडळींना आम्हीही हेच सांगत आलो.

पण 'बरं' म्हणजे नक्की कसले? आणि इटालियनच का? परवा मंडळाच्या कार्यक्रमानंतर भांडी आवरताना हा विषय निघाला आणि बराच रंगला. शोध हॉटेलाचा होता, पण त्याच्या मागे पेनसिल्व्हेनियाचा, इथे आपल्या आधी आलेल्या लोकांचा आणि थोडा आपलाही इतिहास आहे, असे लक्षात आले. तो इथे मांडत आहोत.

आमच्या तीन अटी

आपले गाव फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांच्या अधेमधे. कुठल्याही मोठ्या शहरात जायचे तर डोंगर ओलांडून अडीच-तीन तासांची रपेट. १८५५ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा म्हणून हे विद्यापीठ सुरू झाले, ते या शेतांच्या मधोमध. त्यामुळे गावात जेवणाची सोय मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी. कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर रात्री एक वाजताही पिझ्झाचा तुकडा मिळेल, पण तिथल्या उंच स्टुलावर सत्तरीच्या आजींना बसवायचे कसे? म्हणून आमचा शोध गावाबाहेर सरकला : नॉर्थ अ‍ॅथर्टनच्या दुकानांच्या रांगा, बोल्सबर्ग, लेमॉंट, बेलफाँट, प्लेझंट गॅप.

अटी तीनच होत्या. आजींना निर्धास्तपणे खाता यावे, मुलांना आवडावे आणि आम्हाला परवडावे. तिन्ही पिढ्यांनी एका टेबलाशी बसून, एकाच वेळी, कुणीही उपाशी न राहता जेवायचे. ऐकायला सोपे वाटते. पण स्टेकच्या हॉटेलात आजींसमोर उकडलेला बटाटा आणि कोशिंबीर येई. चिनी हॉटेलात भाज्या चांगल्या असत, पण रस्सा कशाचा हे कळत नसे. भारतीय हॉटेलात नेले तर आजी म्हणत, "हे तर घरी करते मी, आणि याच्यापेक्षा बरं करते." त्या नाराज नसत, पण अमेरिकेत आल्यासारखे त्यांना वाटत नसे. मुले तर घरचेच पुन्हा बाहेर खायला तयार नसत.

इटालियन हॉटेलात मात्र तिघांचेही जमे. मुलांना पिझ्झा. आजींना वांग्याचे काप : पाव-चुरा लावून तळलेले, वर टोमॅटोचा रस्सा आणि चीज, म्हणजे एगप्लांट पार्मेजान. कॅलझोनी पुढ्यात आल्यावर एका आजींनी "ही तर तिखटामिठाची करंजी" असे जाहीर केले होते. बारीक पास्ता म्हणजे शेवया. त्याच्या एका प्रकाराला व्हर्मिचेल्ली म्हणतात आणि इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'छोट्या अळ्या' असा होतो, हे आम्ही आजींना कधीही सांगितले नाही. १९९६ साली डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात पोचले. त्यानंतर येणाऱ्या आजी-आजोबांना पिझ्झाची ओळख करून द्यावी लागली नाही. उलट "इथे पनीर घालत नाहीत का?" असे तेच विचारू लागले.

वेट्रेसला विचारायचे प्रश्न

तरीही निर्धास्त होणे सोपे नव्हते. हळूहळू आम्हाला कळले की शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही खाचाखोचा असतात. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचे सूप खरे, पण ते पुष्कळ ठिकाणी कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवतात. सीझर सॅलडवरच्या मिश्रणात अ‍ॅन्कोव्ही मासे असतात. सुका पास्ता सहसा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच होतो, पण ताज्या, हाताने केलेल्या पास्त्यात बहुधा अंडे असते. म्हणजे जे हॉटेल 'आमचा पास्ता रोज ताजा' असे अभिमानाने लिहिते, तिथेच आजींची पंचाईत.

सगळ्यात अवघड प्रश्न चीजचा. दूध फाडण्यासाठी लागणारे रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून काढतात. अस्सल पार्मिजानो-रेज्जानो चीजला तर इटलीच्या नियमांप्रमाणे वासराचेच रेनेट लागते. वेष्टनावर मात्र नुसते 'एन्झाइम्स' असे छापलेले असे. काही कुटुंबांनी हे कळल्यावर चीज सोडले, काहींनी "कळलंच नसतं तर बरं झालं असतं" म्हणून डोळे मिटले. यातून वाट निघाली ती प्रयोगशाळेतून. १९९० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या कायमोसिनला परवानगी दिली. जनुकीय तंत्राने बनवलेला आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला हा पहिलाच अन्नघटक. तो स्वस्त पडतो आणि एकसारखा मिळतो, म्हणून कारखान्यांनी तो भराभर उचलला. आता अमेरिकेत बनणारे बहुतेक चीज याच प्रकारच्या रेनेटने होते. आपल्या आजींचा धर्म राखावा असा कारखानदारांचा हेतू नव्हता, पण राखला गेला खरा.

तेव्हा 'बरं इटालियन' याची आमची पहिली व्याख्या अशी झाली : जिथे हे प्रश्न विचारल्यावर वेट्रेस वैतागत नाही, आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येते आणि खरे उत्तर देते. रुची त्यानंतर.

आपल्या आधी आलेले

अशा वेट्रेसा आणि असे स्वयंपाकी आम्हाला बरेचदा घरगुती इटालियन हॉटेलांतच भेटले. याचे कारण शोधायला थोडे मागे जावे लागते.

१८८० ते १९२४ या काळात इटलीतून ४० लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत आली. त्यांतली बहुतेक दक्षिण इटलीतली, गरीब, शेतमजुरी करणारी. १९१० च्या जनगणनेत इटलीत जन्मलेल्यांची संख्या न्यूयॉर्कच्या खालोखाल पेनसिल्व्हेनियात होती. फिलाडेल्फियात त्यांनी घरे बांधली, रस्ते खोदले. अल्टूनाला रेल्वेच्या मोठ्या कारखान्यांभोवती त्यांची वस्ती झाली. स्क्रँटनकडे ते कोळशाच्या खाणींत उतरले, पूर्वेकडे पाटीच्या दगडाच्या खाणींत.

स्वागत काही चांगले झाले नाही. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. लसणाच्या वासावरून त्यांची टिंगल होई. गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या भल्या बायासुद्धा इटालियन आयांना समजावत, की मुलांना हे तेलकट, मसालेदार, सगळे एकत्र शिजवलेले देऊ नका, अमेरिकन पद्धतीने दूध आणि उकडलेल्या भाज्या द्या. आपल्यापैकी ज्यांनी पहिल्या अपार्टमेंटमध्ये फोडणी देण्याआधी खिडक्या उघडल्या आणि धुराच्या यंत्रावर टॉवेल टाकला, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

कायद्यांच्या बाबतीतही आपली आणि त्यांची गाठ पडते. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद झाले. १९२४ च्या कायद्याने इटालियनांचा वार्षिक कोटा अवघा ३,८४५ वर आणला. आपल्याला १९४६ साली वर्षाला १०० जणांची फट मिळाली. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्यांची ती पद्धत मोडली आणि आपल्यापैकी बहुतेकांचा इथे येण्याचा मार्ग मोकळा झाला. इटालियनांना नकोसे ठरवणारी आणि आपल्याला अडवणारी भिंत एकच होती, आणि ती पडली तीही एकदमच. फरक एवढाच की ते आधी आत आले होते आणि आपण येईपर्यंत त्यांची लसणाची चटणी साऱ्या अमेरिकेच्या आवडीची झाली होती.

खानावळ

ती आवडीची कशी झाली? त्याची सुरुवात खानावळीत आहे.

आलेल्यांत एकटे पुरुष पुष्कळ. पैसे कमवायचे, गावी पाठवायचे, जमले तर परत जायचे. ते आपल्याच गावच्या एखाद्या कुटुंबाकडे राहत, आणि त्या घरची बाई त्या सगळ्यांचा स्वयंपाक करी, कपडे धुई. गिरणगाव पाहिलेल्यांना हे चित्र चांगले ओळखीचे आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेला कामगार कुटुंब गावी ठेवून येई आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या खानावळीत जेवे. त्या बाया सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या कष्टांची पहिल्यांदा कुणी मोजदाद केली. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींच्या गावांतल्या इटालियन बायकांच्या वाट्याला अशी प्रेमाताई आली नाही. पण त्यांच्यातल्या काहींच्या स्वयंपाकघरात हळूहळू खाणीतले इतर देशांचे कामगारही येऊन बसू लागले.

दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३ मध्ये, घरच्या द्राक्षाच्या वाइनमुळे अशा ठिकाणी अमेरिकन गिऱ्हाईकही गुपचूप येऊ लागले. वाइनसाठी आले आणि स्पॅगेटी खाऊन गेले. पुढे हॉटेले झाली.

खुद्द पदार्थही इथे येऊन बदलले. गावी मांस सणावारी मिळे, इथे मजुरीच्या पैशात रोज घेता येई. म्हणून स्पॅगेटीवर मोठमोठे मांसाचे गोळे आले, जे इटलीत त्या रूपात नव्हते. स्क्रँटनजवळच्या ओल्ड फोर्ज या खाणकामगारांच्या गावात पिझ्झा आयताकृती झाला. तिथे अख्ख्या पिझ्झाला 'ट्रे' आणि तुकड्याला 'कट' म्हणतात, दुसरा शब्द वापरलात की तुम्ही बाहेरचे. अल्टूनाच्या एका जुन्या हॉटेलाने तर पिझ्झावर हिरवी ढोबळी मिरची, सलामी आणि वर अमेरिकन चीजची पिवळी धमक चकती ठेवली. ते हॉटेल २०१३ साली आगीत गेले, पण अल्टूनाकर अजून त्या पिझ्झावरून वाद घालतात. इटलीहून आलेल्या माणसाने कपाळाला हात लावावा असे हे पदार्थ आहेत. पण मक्याच्या पिठाची थालीपिठे आणि रिकोटा चीजचे पेढे करणाऱ्या आपण यावर फार बोलू नये हे बरे.

तासाभरावरचे मिल्टन

या बदलाचा सगळ्यात मोठा कारखाना आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि आपल्यातल्या कित्येकांना ते माहीत नाही. इंटरस्टेट ८० ने पूर्वेला गेले की सस्क्वेहॅना नदीकाठी मिल्टन नावाचे छोटे गाव लागते. 'शेफ बॉयार्डी'चे डबे तिथले.

हा शेफ जाहिरातवाल्यांनी रचलेला नव्हे, खरा माणूस. एत्तोरे बोइयार्दी, जन्म १८९७, उत्तर इटलीतल्या पिआचेन्साजवळचा. १९१४ साली सोळाव्या वर्षी तो अमेरिकेत आला. भाऊ न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात होता, तिथेच कामाला लागला. पुढे क्लीव्हलंडला स्वतःचे हॉटेल काढले. त्याचा सॉस लोकांना इतका आवडे की गिऱ्हाइके घरी न्यायला मागत, आणि तो दुधाच्या बाटल्यांत भरून देई. त्या मागणीतून १९२८ साली कारखाना झाला. अमेरिकन विक्रेत्यांना 'बोइयार्दी' म्हणता येईना, म्हणून त्याने डब्यावर आपलेच नाव उच्चारासाठी तोडून लिहिले : बॉय-आर-डी. रोल कॉलला आपल्या मुलांच्या नावांचे काय होते हे आठवले की या माणसाबद्दल आपोआप माया वाटते.

१९३८ साली त्याने कारखाना मिल्टनला हलवला. आसपासच्या शेतकऱ्यांकडून टोमॅटो पिकवून घेतले, आणि अळंबीची लागवड कारखान्यातच केली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी डबे भरायला कारखाना रात्रंदिवस चालला. युद्ध संपल्यावर एवढ्या माणसांना काम पुरवायचे कसे हा प्रश्न आला, आणि १९४६ साली त्याने कंपनी विकली. तो स्वतः १९८५ साली वारला. मालक पुढेही बदलत राहिले, अगदी अलीकडे २०२५ साली हा ब्रँड पुन्हा विकला गेला.

त्याच्या डब्यातल्या मऊ, गोडसर शेवयांना खरे इटालियन म्हणायचे का, यावर हवा तेवढा वाद घालावा. पण मध्य पेनसिल्व्हेनियातल्या ज्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्याने आयुष्यात इटालियन माणूस पाहिला नव्हता, त्याच्या मुलाला टोमॅटोच्या रश्श्याची सवय या डब्यांनी लावली. गावोगावी इटालियन हॉटेल चालू शकले त्याला हीही एक कारणसाखळी आहे. असेच दुसरे उदाहरण लेबनन गावच्या सॅन जॉर्जो मॅकरोनी कंपनीचे. चॉकलेटवाल्या हर्शीने ती १९६६ साली विकत घेतली, आणि १९९९ पर्यंत चॉकलेटबरोबर शेवयाही विकल्या.

टोमॅटो कुणाचा?

आजींना हे जेवण परके का वाटले नाही, याचेही उत्तर इतिहासात आहे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोचला, आणि टोमॅटोच्या सॉसची छापील कृती नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनीच्या पुस्तकात सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी आली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात इटलीत स्पॅगेटीवर टोमॅटो नव्हता, आणि आपल्या आमटीतही नव्हता. मिरची आणि बटाटा हेही याच खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज, 'पाव'ही पोर्तुगीज. टोमॅटोला विदर्भ-खानदेशात भेदरे म्हणतात, इटालियन त्याला 'पोमोदोरो', सोन्याचे सफरचंद, म्हणतात. दोघांनीही पाहुण्याला घरचे नाव देऊन ठेवून घेतले.

गव्हाचेही तेच. आपला बन्सी गहू हा ड्युरमच, म्हणून त्याच्या रव्याच्या शेवया मोडत नाहीत. सांगली-साताऱ्याकडची खपली म्हणजे इटालियनांचा 'फार्रो'. इथल्या महागड्या दुकानात फार्रोची छोटी पिशवी पाहून एका आजोबांनी किंमत रुपयांत मोजली होती आणि नंतर बराच वेळ ते बोलले नव्हते.

साखळी हॉटेले

१९८० नंतर उपनगरांचा जमाना आला. १९८२ साली ओरलँडोमध्ये पहिले ऑलिव्ह गार्डन उघडले. ते कुठल्या इटालियन कुटुंबाने नव्हे, तर जनरल मिल्स या धान्याच्या आणि न्याहरीच्या पाकिटांच्या कंपनीने काढले होते. पार्किंग मोठे, टेबले मोठी, सॅलड आणि पाव हवे तितके, आणि प्रत्येक गावात चव एकच.

साखळीची हॉटेले म्हटली की नाक मुरडायची पद्धत आहे. आम्हीही मुरडले. पण खरे सांगायचे तर व्हीलचेअर सरळ आत नेता येणे, दहा जणांना एकत्र जागा मिळणे, आणि कुठल्या पदार्थात काय आहे ते छापील कागदावर वाचता येणे ही आपल्या कुटुंबांची मोठी सोय होती. दुसरीकडे आपल्याच गावात साऊथ अ‍ॅथर्टनवर फाच्चा लूनाने लाकडाच्या भट्टीत पिझ्झा भाजून दाखवला, तेव्हा खरपूस म्हणजे काय हे मुलांनाही कळले. आजी म्हणाल्या, "चुलीवरच्या भाकरीचा वास आला." एकाकडे सोय आणि दुसरीकडे चव, असा हा शोध बराच काळ लोंबकळत राहिला.

रोझेटोची गोष्ट

आता मूळ मुद्दा. तीन पिढ्यांनी एका टेबलाशी बसण्याचा हा आमचा हट्ट कशासाठी होता? त्याचे उत्तर आम्हाला आपल्याच राज्यातल्या एका गावाच्या कथेत सापडले.

पूर्व पेनसिल्व्हेनियात, इथून सुमारे तीन तासांवर, रोझेटो नावाचे गाव आहे. दक्षिण इटलीतल्या रोझेटो वाल्फोर्तोरे या डोंगरी गावातून १८८० च्या दशकात लोक इथल्या पाटीच्या खाणींत कामाला आले. मागून त्यांचे भाऊ, मेहुणे, शेजारी आले, आणि गावाचे नावही बरोबर आले. १९१२ साली त्याला बरोचा दर्जा मिळाला.

१९६१ च्या सुमारास डॉ. स्टुअर्ट वुल्फ यांच्या कानावर आले की या गावात हृदयविकाराचे रोगी फार कमी आढळतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मृत्यूच्या नोंदी काढल्या, गावकऱ्यांना तपासले. १९६४ साली त्यांचा अहवाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला : शेजारच्या बँगोर आणि नाझरेथ या गावांच्या मानाने रोझेटोत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण खरोखरच बरेच कमी होते. पाणी तेच, डॉक्टर तेच. आहार म्हणावा तर ही मंडळी ऑलिव्ह तेल सोडून डुकराच्या चरबीत तळत होती, सॉसेज खात होती, विड्या ओढत होती. मग कारण काय? अभ्यासकांना दिसले ते असे : एका घरात तीन पिढ्या, म्हाताऱ्यांना मान, एकमेकांच्या घरी सतत ये-जा, आणि श्रीमंतीचे प्रदर्शन न करण्याची रीत.

त्यांनी तेव्हाच इशारा दिला होता, की ही वीण उसवली तर हे संरक्षणही जाईल. तसेच झाले. मुले शिकली, दूर गेली, मोठ्या आवारांची वेगळी घरे आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ५० वर्षांच्या तुलनेत दिसले की रोझेटोचा तो फरक पुसला जाऊन प्रमाण शेजारच्या बँगोरइतकेच झाले होते. गाव छोटे, आकडे थोडे, म्हणून सगळ्या तज्ज्ञांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा मानलेला नाही. तरी आम्ही तो वाचला तेव्हा घरात थोडा वेळ शांतता झाली. कारण ती उसवणारी पिढी वाईट नव्हती. ती शिकलेली होती, कष्टाळू होती, आईबापांच्या इच्छेप्रमाणेच वर गेली होती. म्हणजे अगदी आपल्यासारखी. आपण तर आईवडिलांना ८,००० मैलांवर ठेवून आलो, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर तीन पिढ्या एकत्र आणल्या.

तेव्हा त्या सहा महिन्यांतल्या शनिवारच्या टेबलाला आम्ही इतके का जपत होतो, हे उशिराने कळले. आजींना मिनेस्त्रोनेची हौस नव्हती. नातवंडांचे मराठी तुटपुंजे, आजींचे इंग्रजी त्याहून तुटपुंजे. पण एका पिझ्झाचे आठ तुकडे सहा जणांत कसे वाटायचे याची बोलणी दोघांना करता येत होती. लांबलेल्या चीजची तार तोडताना आजी हसल्या तर नातू हसे. असे टेबल घरीही होते, पण घरी आजी ओट्याशी आणि नातू टीव्हीपाशी असे. हॉटेलात दोघेही तासभर खुर्चीत अडकत, आणि आम्हीही.

शेवटी सापडले का?

सापडले, आणि हरवलेही. आमच्या आवडीच्या एका घरगुती हॉटेलचे मालक थकले. मुले दूर नोकरीला, धंदा घ्यायला कुणी नाही. त्यांनी कुलूप लावले तेव्हा आम्हाला नवल वाटले नाही. आपल्यापैकी कुणाचा मुलगा तरी वडिलांचे काम पुढे चालवतो आहे? स्थलांतरितांची हॉटेले बंद पडतात ती बऱ्याचदा मुलांचे भले झाले म्हणून.

म्हणून नव्या मंडळींना आता आम्ही हॉटेलचे नाव सांगत नाही, ते बदलतच राहणार. कसे शोधावे तेवढे सांगतो. गोल किंवा मोठे टेबल आहे का ते पाहा. आवाज इतका नसावा की आजोबांचे श्रवणयंत्र काढून ठेवावे लागेल. सुपाचे पाणी, पास्त्यातले अंडे आणि चीजचे रेनेट यांबद्दल संकोच न करता विचारा, आणि उत्तर देणाऱ्याला टिप चांगली ठेवा. आणि वडील माणसांना टोकाला न बसवता मध्ये बसवा.

आजी आता नाहीत. त्यांच्या खुर्चीत आम्ही बसतो. गेल्या थँक्सगिव्हिंगला मुले-नातवंडे आली होती, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे इटालियन हॉटेलात गेलो. नात तशी सगळे खाते. वेट्रेस आल्यावर आम्ही चष्मा चाचपत होतो, तेवढ्यात तिनेच मेनू खाली ठेवला आणि विचारले, "मिनेस्त्रोनेमध्ये चिकनचं पाणी आहे का? माझे आजी-आजोबा खात नाहीत." मग आमच्याकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाली, "ती विचारून येते. तोपर्यंत पाव खा."